तरसीण छापून येईपर्यंत

मेल आला तेव्हा माझे हात मनगटापर्यंत प्लास्टरनं पांढरे झाले होते. नाशकात शरणपूर रस्त्याच्या एका गल्लीत माझी छोटीशी डेंटल लॅब आहे. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी कवळी करून देतो. उभं आयुष्य याच कामात गेलं. हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि फोन उघडला. वन्यजीवांवरच्या एका मासिकाचं उत्तर होतं. तोवर त्यांच्याकडून मला एकाच ठशाचं उत्तर यायचं, 'आपले साहित्य मिळाले, निवड झाल्यास कळवू,' आणि त्यानंतर काहीच नाही. या वेळी मात्र तिथल्या कुणीतरी फोटो खरंच निरखून बघितले होते.

'तिसऱ्या छायाचित्रात प्राण्याच्या पुढच्या पायाशी कोंबडीची पिसे दिसतात,' असं त्यात लिहिलं होतं. 'आमिष ठेवून काढलेली छायाचित्रे आम्ही छापत नाही. कृपया खुलासा करावा.'

मी मेल दोनदा वाचला आणि पुन्हा कामाला बसलो. राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. जिने चढून वर जावं आणि घराला कुलूप दिसावं, तसं दिवसभर नुसतं दमल्यासारखं वाटत राहिलं.

या नादाला मी उशिरा लागलो. हातभर अंतरावरच्या दातांकडे बघून बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अधूनमधून लांबचं बघत जा. म्हणून रविवारी नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जाऊ लागलो. आधी दुर्बीण घेतली, मग ओळखीतून कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणि लांबची लेन्स. हिवाळ्यात तिथे बंधाऱ्यावर पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. मी काढलेले फोटो चांगले होते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचेही तसेच होते. ते मी मासिकाला पाठवायचो, सोबत दोन पानं लिहायचो. आमच्या घरी बायको दहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेते. तिला वाचायला दिलं की ती शांतपणे वाचायची.

"मजकूर बरा आहे," एकदा म्हणाली. "पण हे बगळे सगळ्यांकडेच असणार ना? तुमचेच कोण छापेल?"

ते खरं होतं, म्हणून मी तिच्यावर चिडलो.

तरस भेटला तो कवळीमुळे. चांदवड तालुक्यातल्या एका गावच्या आजोबांना मी केलेली कवळी टोचत होती. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्यांना नाशिकला आणणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्या बाजूला जाता ना, तेवढी घासून द्या. मी कानस आणि पॉलिशचं सामान घेऊन गेलो. कांद्याच्या चाळीशेजारी त्यांचं पत्र्याचं घर, मागे काळ्या खडकाचा बोडका डोंगर. हिरडीला जिथे लागत होतं तिथे मी थोडी थोडी कवळी घासली, आजोबांनी भाकरीचा तुकडा चावून बघितला आणि मान हलवली. त्यांच्या सुनेनं चहा ठेवला. माझ्या गाडीतला कॅमेरा तिनं येतानाच बघितला होता.

"भाऊ, तुम्ही जनावरांचे फोटो काढता का?" तिनं विचारलं.

"काढतो. पक्ष्यांचे."

"आमच्या डोंगराला तरस हाय. रोज दिवस मावळताना खाली येतं. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात ना वढ्याच्या कडंला, तिथं."

मला वाटलं, कोल्हा असेल किंवा कुत्रं. तरीही त्या संध्याकाळी तिनं दाखवलेल्या जागी ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली बसलो. वास इतका होता की रुमाल नाकाला बांधला. ऊन डोंगरावरून सरकलं आणि खडकांमधून ती खाली आली. पुढून उंच, मागून बसकी. पाठ उताराला लागल्यासारखी. अंगावर मळकट पट्टे आणि मानेवर ताठ केसांची आयाळ. चालताना एक मागचा पाय ती जरा जपून टाकत होती. ती मादी आहे हे मला नंतर कळलं. कोंबड्या टाकलेल्या खड्ड्याजवळ ती आली, थांबली, माझ्या दिशेला नाक करून उभी राहिली. तिला मी आहे हे कळलं होतं. तरीही तिनं एक कोंबडी उचलली आणि आली तशी, कसलीही घाई न करता, वर निघून गेली.

मी एकही फोटो काढला नाही. कॅमेरा मांडीवरच होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आता तुमचे रविवार गेले." तसंच झालं.

पहाटे निघायचं, ओझर, पिंपळगाव मागे टाकायचं, उजाडता उजाडता गावात पोचायचं. सकाळी ती परत डोंगरावर जाताना दिसायची, कधी संध्याकाळी उतरताना. अनेकदा दिसायचीच नाही. आजोबांच्या सुनेला मी वहिनी म्हणायला लागलो होतो. मी गाडी लावली की ती ओट्यावरूनच सांगायची, "काल आलती," नाहीतर "दोन दिस झाले, माग नाही." तिला तरसाचं काही कौतुक नव्हतं. मागे तिचं करडू गेलं होतं आणि ते तरसानंच नेलं असं ती धरून चालली होती. मी कशासाठी एवढ्या लांबून येतो हे मात्र तिला ऐकायचं होतं.

"छापून येणार का हे?" तिनं एकदा विचारलं.

"पाठवणार आहे. बघू."

"मग एक करा भाऊ. गावाचं नाव नका घालू."

"का?"

"आमच्या दिराला आधीच कोणी मुलगी देईना. बारा एकर हाय, तरी म्हणत्यात खेड्यात नको. त्यात तरसाचं गाव म्हणून पेपरात आलं तर झालंच मग."

मी हसलो, पण ती हसली नाही. मी शब्द दिला. मासिकाच्या नियमांत फोटो नेमका कुठे काढला हे कळवणं सक्तीचं होतं. मी फक्त 'चांदवड तालुका' लिहिलं आणि खाली स्पष्ट केलं की त्यापुढचं सांगता येणार नाही.

मग तो पिसांचा मेल आला.

खुलासा मी सविस्तर लिहिला. तिथे पोल्ट्री आहे, ते मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकतात, तरस त्या खायला येतो, मी तिथे काहीही ठेवलेलं नाही. वाचताना मलाच ते पकडलेल्या माणसाच्या जबाबासारखं वाटलं. आठवड्याभरानं फोन आला. मासिकाची संपादक होती, आवाजावरून तिशीतली असावी.

"सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण वाचकाला फोटोत पिसं दिसतील आणि पहिला प्रश्न तोच पडेल. लोक काय काय करतात तुम्हाला माहीत आहे. जिवंत कोंबडी खुंटीला बांधतात."

"माहीत आहे."

"खड्ड्यापासून लांब, नैसर्गिक जागेत एखादा मिळाला तर बघा ना. मजकूर मला आवडलाय. फक्त लांब आहे."

"ती राहते तिथे हेच नैसर्गिक आहे, मॅडम."

मग ती म्हणाली, "ते मला पटतंय. पण बघा."

फोन ठेवला आणि मी एका सातारी आजींच्या कवळीचे दात मेणात बसवत राहिलो. समोरचे दोन दात किंचित वाकडे हवेत असा त्यांचा आग्रह होता, पूर्वी होते तसे. ते नीट वाकडे बसवायला दुपार गेली.

पुढचा काळ मी पिसं नसलेल्या फोटोसाठी घालवला. डोंगराच्या मधल्या टप्प्यावर तिची कपार होती. ती वहिनीच्या दिरानं मला लांबून दाखवली. समोरच्या उतारावर एक मोठा दगड होता, त्याच्याआड बसलं की दुर्बिणीतून कपारीचं तोंड दिसायचं. जवळ जायचं नाही असं मी ठरवलं होतं. कारण जागा मोडली तर ती जाईल. त्या दगडाआड माझी कंबर धरली, एका उन्हाळ्यात अंगावर पुरळ उठलं, एकदा गांधीलमाशी चावून डोळा सुजला आणि सोमवारी लॅबमध्ये एका डोळ्यानं काम केलं. मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, त्याला मी हळदीलाच जाऊन आलो आणि लग्नाच्या दिवशी दगडाआड बसलो. बायको एकटी गेली. घरी आल्यावर साडी घडी करताना तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ घडी करत होती.

"इतकं काय आहे त्यात?" शेवटी तिनं विचारलं.

मी म्हणालो, "ती म्हातारी आहे."

ते मला तरसिणीच्या तोंडावरून कळलं होतं. एका सकाळी ती कपारीच्या तोंडाशी उन्हात येऊन बसली आणि तिनं मोठी जांभई दिली. त्या क्षणी माझं बोट बटणावर होतं, ते निव्वळ नशीब. घरी संगणकावर फोटो मोठा करून बघितला आणि मी खुर्चीत मागे टेकलो. वरचा एक सुळा निम्म्यात मोडलेला होता, मोडलेली कड गुळगुळीत झालेली, म्हणजे जुनी. दाढा झिजून सपाट. तरसाच्या दाढा हाडं फोडायला असतात. हिनं आयुष्यभर हाडं फोडून त्या संपवल्या होत्या. आता तिला हाड फुटत नसणार. म्हणून ती रोज त्या खड्ड्यावर, मऊ कोंबड्यांकडे येत असावी, असं मला वाटलं. खात्रीनं सांगायला मी काही प्राणितज्ज्ञ नाही. पण दात गेल्यावर माणूस काय खातो आणि काय सोडतो, ते मी रोज बघतो.

तो एक परिच्छेद मी मजकुरात घातला आणि बाकीचं पुष्कळ कापलं. बायकोनं वाचलं, पेनानं दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद परत देताना म्हणाली, "हे पाठवा." तिच्याकडून इतकं म्हणजे खूप होतं.

पाठवलं. तिसऱ्या दिवशी संपादकबाईंचा मेल आला: 'अप्रतिम. पुढच्या एखाद्या अंकात नक्की विचार करू.'

पुढचा अंक वाघावर निघाला. त्यानंतरचा पावसाळी बेडकांवर. मग मी विचारलं, तर 'विचाराधीन आहे' असं आलं. मग दिवाळी झाली. मग मी विचारणं सोडलं. अंक आला की अनुक्रमणिका बघायचो आणि बाजूला ठेवायचो. रविवारी जाणंही कमी झालं. महिन्यातून एखाद्या वेळी जायचो, तेही आजोबांची कवळी बघण्याच्या निमित्तानं. त्यांची हिरडी आता आणखी बसली होती. तरसीण दिसली तर बघायचो. फोटो काढायची घाई राहिली नव्हती.

थंडीतली सकाळ होती. मी नुकतं लॅबचं शटर उघडलं होतं, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भाऊ, ती गेली," ती म्हणाली. कोण ते विचारावं लागलं नाही. "हायवेला पडलीय. गाडीनं उडवली. आमचे हे तिथंच हायत, फॉरेस्टवाल्यांना फोन केलाय."

मी त्या दिवशीची दोन कामं पुढे ढकलली आणि निघालो. गाव ओलांडून हायवेला लागलं की जिथे ढाबा आहे, तिथे कडेला माणसं जमली होती. ती एका कुशीवर पडली होती, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला पाठ लावून. फार रक्त नव्हतं. कांद्याच्या ट्रॉल्या सारख्या जात होत्या. त्यांतून उडालेली लाल टरफलं तिच्या आयाळीत अडकली होती आणि वाऱ्यानं हलत होती. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. ती माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती.

वनरक्षक तरुण होता, पंचनामा लिहीत होता. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा बघून म्हणाला, "साहेब, फोटो काढून देता का? माझ्या फोनच्या कॅमेऱ्यात काय धड येईना. रेकॉर्डला लागतात."

मी काढले. त्यानं सांगितलं तसे, डोक्याकडून, पायाकडून, आजूबाजूचं दिसेल असा लांबून एक. पशुवैद्य डॉक्टर आले, त्यांनी हातमोजे घालून ओठ वर केला, वय बघायला. मोडका सुळा दिसला. झिजलेल्या दाढा दिसल्या.

"बरीच वयस्क होती," डॉक्टर म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

वहिनीचा नवरा आणि दीर, दोघांनी मिळून तिला ताडपत्रीवर घेतलं आणि वनखात्याच्या गाडीत ठेवलं. मी हात लावला नाही. माझी कंबर दुखत होती हे खरं, पण ते कारण नव्हतं.

मी तिथूनच, गाडीत बसून, मासिकाला दोन ओळी लिहिल्या. ज्या प्राण्यावरचा मजकूर आपल्याकडे आहे तो प्राणी आज सकाळी अपघातात मेला. मजकुराचं काय करायचं ते आपण ठरवा, किंवा परत करा. लिहिण्यात राग नव्हता. कळवायला हवं होतं, म्हणून कळवलं.

संपादकबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"सर, खूप वाईट वाटलं," ती म्हणाली. "एक विचारू का? रस्त्यावरचे फोटो आहेत तुमच्याकडे?"

"आहेत."

"ते द्याल? आम्ही हायवे आणि वन्यजीव असा अंक करतोय. आणि तो पिसांचा फोटोसुद्धा. पोल्ट्रीचा कचरा, त्यामुळे खाली उतरणारा प्राणी, मग रस्ता, असं सगळं एकत्र येतं."

"त्या पिसांचा तुम्ही खुलासा मागितला होता."

"हो," ती म्हणाली. "मागितला होता." तिनं सारवासारव केली नाही हे मला बरं वाटलं. "जांभईचा फोटो मी नाकारला नव्हता, सर. दर अंकाला मी तो पुढे केला. दर वेळी दुसरं काहीतरी मोठं निघालं. मला एकटीला ठरवता येत नाही."

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी ते रस्त्यावरचे फोटो उघडून बसत होतो. पाठवावेत असं वाटेना आणि पुसून टाकावेत असंही वाटेना. जिवंत असताना तिला जागा मिळाली नाही आणि मेल्यावर लगेच मिळते, हे गळ्याखाली उतरत नव्हतं. एका संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली आणि बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तोच फोटो होता.

"पाठवायचा तर पाठवा," ती म्हणाली. "नाहीतर काढून टाका. पण रोज तिला असं रस्त्यावर पडलेलं बघत बसू नका."

"पाठवला तर लोक तिला असंच बघतील."

"तुम्ही बघितली तशी कोणी बघितली नाही, बघणारही नाही. ते तुमच्यापाशी आहेच की." मग ती म्हणाली, "निदान हायवेनं जाणारा एखादा गाडी हळू करेल. नाही केली तर नाही."

मी संपादकबाईंना कळवलं: फोटो देतो, पण जांभईचा फोटो आणि माझा मजकूर सोबत असेल तरच. आणि गावाचं नाव कुठेही येता कामा नये. तिनं दोन्ही मान्य केलं.

छपाईच्या आधी पानं बघायला आली. रस्त्यावरचा फोटो पूर्ण पानभर होता. जांभईचा कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढा. माझ्या मजकुराचं पहिलं सगळं पान गायब होतं. डोळ्यांचे डॉक्टर, नांदूरमधमेश्वर, सेकंडहँड लेन्स, काहीही नाही. मजकूर थेट 'ती खडकांमधून खाली आली' असं सुरू होत होतं. मी कागद उलटा ठेवला आणि जेवायला उठलो. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचलं. संपादकबाईंनी काढलेलं सगळं खरोखर काढण्यासारखंच होतं. ते माझ्याबद्दल होतं. दातांचा परिच्छेद तिनं जसाच्या तसा ठेवला होता, एक स्वल्पविराम तेवढा कमी केला होता. हे कबूल करायला मला जड गेलं. इतकी वर्षं उत्तर आलं नाही याचा मला राग होता आणि उत्तर आलं तर ते माझ्यापेक्षा बरं निघालं.

मग मला एक बोर्ड दिसला. रस्त्यावरच्या मोठ्या फोटोत मागे ढाब्याची पाटी होती आणि तिच्यावर खालच्या ओळीत गावाचं नाव. बारीक, पण वाचता येण्यासारखं. मी लगेच फोन लावला.

"सर, पानं उद्या छापायला जाताहेत," ती म्हणाली. तिच्या आवाजातही रात्रभराची दमणूक होती. "फोटोत काही पुसायचं नाही असा आमचा नियम आहे. खोटं केल्यासारखं होतं ते."

"मग फोटो कापा. वरून."

"कापला तर रस्ता जातो. रस्त्यासाठीच तो फोटो आहे."

"मॅडम, मी त्या घरात चहा प्यालोय. शब्द दिलाय."

ती मागे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दुसरा फोटो आहे का? तेच दृश्य, वेगळ्या बाजूनं?"

वनरक्षकानं सांगून काढून घेतलेला एक होता, पायांकडून. त्यात रस्ता लांबवर दिसत होता, एक कांद्याची ट्रॉली दूर गेलेली, आणि ढाबा नव्हता. फोटो म्हणून तो तितका चांगला नव्हता, तिचं तोंड त्यात दिसत नव्हतं. तोच पाठवला. तोच छापला.

अंक आला. माझं नाव होतं, स्पेलिंग बरोबर होतं. दाताच्या दोन डॉक्टरांनी अभिनंदनाचे मेसेज केले. एकानं विचारलं, कुठला कॅमेरा? लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीनं पान लॅमिनेट करून भिंतीवर लावू का विचारलं, मी नको म्हणालो. इतकी वाट बघितल्यावर काहीतरी जास्त वाटेल असा माझा समज होता. पण अंक टेबलावर होता, शेजारी साच्यांचा ढीग होता आणि डॉक्टरांना दुपारपर्यंत काम हवं होतं.

पुढच्या रविवारी एक प्रत घेऊन गावाला गेलो, उजाडल्यावर, आरामात. आजोबा बाजेवर ऊन खात होते. वहिनीनं अंक घेतला, आधी सगळ्या पानांवरून बोट फिरवत नाव शोधलं. सापडलं नाही तेव्हा तिनं मान हलवली. मग मजकूर वाचला, ओठ हलवत, सावकाश. रस्त्यावरच्या फोटोवर ती फार थांबली नाही. कोपऱ्यातल्या जांभईच्या फोटोपाशी थांबली.

"एवढी दात गेलेली होती का ती?" तिनं विचारलं.

"हो."

"मग माझं करडू तिनं नसंल नेलं." तिनं फोटोवर पुन्हा बोट ठेवलं. "का नेलंही असंल. कोणाला ठाव."

आजोबांनी अंक मागितला आणि डोळ्यांजवळ धरला. त्यांना काही दिसलं की नाही कोण जाणे. पोल्ट्रीवाले अजून कोंबड्या तिथेच टाकत होते, हे मला येतानाच वासावरून कळलं होतं. वहिनी म्हणाली, आता तिथं कुत्री असतात, लय माजलीत. परवा दिरानं ओढ्यात पुन्हा तरसाच्या मागासारखं काहीतरी बघितलं म्हणे. तिची पिल्लं असतील, नाहीतर दुसरा कोणी.

संपादकबाईंनीही त्याच आठवड्यात मेल केला होता. दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये निघणाऱ्या सापांवर काही करता येईल का, असं विचारलं होतं. मी अजून उत्तर दिलं नव्हतं.

चहा झाला. मी उठलो आणि चपला घालताना कंबरेला हात लावला, तो वहिनीनं बघितला.

"आता येणार का न्हाई तुम्ही?" तिनं विचारलं.

"बघू," मी म्हणालो. "दमलोय जरा."

"या की. पण ते अंधारात उठून, दगडाआड बसून नको," ती म्हणाली. "जेवायच्या वेळेला या."